पडदेवाल्याचा गुन्हा

एका गावात एक भोळा पडदेवाला होता. भोळे सगळ्याच गावांत असतात, पण प्रत्येक गाव म्हणतं की आमच्याकडे कुणी नाही, शेजारी बघा. या गावाला तसं म्हणायची सोय नव्हती, कारण केरबा भर चौकात राहायचा.

केरबाकडे चार पडदे होते. राजवाडा, जंगल, रस्ता आणि गरिबाची झोपडी. चारही बापाने स्वतःच्या हाताने रंगवलेले. बापाने राजवाडा कधी बघितला नव्हता. त्याने तालुक्याची कचेरी बघून राजवाडा रंगवला आणि वर दोन मोर बसवले, म्हणजे कुणाला शंका नको.

त्या भागात जत्रा आली की पोरं नाटक बसवायची. नाटक बसवायचं म्हणजे आधी मिशा ठरवायच्या, मग पडदे ठरवायचे, आणि वेळ उरलाच तर भाषणं पाठ करायची. पडदे केरबाचे. तो ते स्टेजवर बांधायचा आणि दोरी धरून विंगेत बसायचा. खाली बांबू लावलेले, गुंडाळीचे पडदे होते ते. दोरी ओढली की बांबूला गुंडाळत वर जायचे, सोडली की धप्पकन खाली.

बापाने मरताना त्याला सगळा धंदा एका दमात शिकवला होता. शिट्टी वाजली की पडदा पाड, परत वाजली की उचल. कुणाची शिट्टी, ते सांगायच्या आत बाप गेला. त्यामुळे एकदा राजा मरायला टेकला असताना पलीकडे एसटी मागे घ्यायला कंडक्टरने शिट्टी मारली, आणि केरबाने राजा मरायच्या आत पडदा पाडला. राजा झाला होता दूधसंस्थेचा चेअरमन. तो अजून सांगत फिरतो, की त्या नाटकात मी मेलेलोच नाही.

त्याच गावात जगदाळे मास्तर होते. शाळेत इतिहास शिकवायचे आणि आयुष्यात त्यांनी एक नाटक लिहिलं होतं, ‘भावानं कापला भावाचा ऊस’. ते छापूनही घेतलं होतं. पहिल्याच पानावर मोठ्या टायपात होतं, की लेखकाच्या परवानगीशिवाय या नाटकाचा प्रयोग करू नये. आता परवानगी मागायला लोक येणार, म्हणून मास्तर रोज संध्याकाळी इस्त्रीचा सदरा घालून ओट्यावर बसायचे. वर्षानुवर्षं बसले. एकदा एक माणूस आला. मास्तर उठून उभे राहिले. तो शिरगणतीवाला निघाला.

आणि इकडे नदीपलीकडच्या डोणेवाडीच्या पोरांनी तेच नाटक न विचारता बसवलं. चोरी ओळखू येऊ नये म्हणून नाव बदललं, ‘चुलत्यानं जाळली पुतण्याची गंजी’. सगळी हुशारी नाव बदलण्यात संपली, आत वापरायला उरली नाही. त्यामुळे स्टेजवर चुलता काडी ओढून गंजी पेटवायचा, आणि पुतण्या ऊर बडवून विचारायचा, की दादा, माझा ऊस का कापलास. बायका ढसाढसा रडायच्या. ज्याला रडायचंच आहे त्याला गंजी काय आणि ऊस काय.

मास्तर त्या जत्रेला मेहुण्याकडे मटण खायला गेले होते. जेवून नाटकाला बसले. दुसऱ्या अंकात आपलीच वाक्यं कानावर पडायला लागली तेव्हा ते उठून म्हणाले, की हे सगळं माझं आहे. मागचे म्हणाले, असेल, पण खाली बसा, दिसत नाही.

मास्तर स्टेजवर चढले. पोरांनी मिशांसकट शेजारच्या उसात उड्या टाकल्या. स्टेजवर एकटा केरबा राहिला, हातात दोरी धरून.

"चोर कुठे गेले?"

"उसात."

"आणि तू का नाही पळालास?"

"शिट्टी न्हाई वाजली."

मास्तरांनी त्याचा दंड धरला. म्हणाले, नाटक त्यांनी चोरलं, पण पडदा तू पुरवलास. घर फोडणाऱ्याला शिडी धरणारा सुद्धा चोरच असतो, तसा कायदा आहे. तुझे हे चारही पडदे जप्त होऊन पोलीस ठाण्यात पडणार.

केरबाने मोरांवरून हात फिरवला. पडदे गेले तर तो कोण उरणार होता? नुसता केरबा. त्याचं नाक वाहायला लागलं.

"मला काय म्हाईत मास्तर, नाटक तुमचं हाय. मला वाटलं त्यांच्या चुलत्याचं."

मास्तर मनाने वाईट नव्हते, फक्त मास्तर होते. ते म्हणाले, "माहीत नव्हतं म्हणून या खेपेला सुटलास. माहीत असून दिले असतेस तर मेला होतास."

"म्हंजे ज्याला म्हाईत न्हाई त्यो सुटतो?"

"सुटतो."

"असं व्हय. ध्यानात ठेवतो."

आणि ठेवलं. तुम्हीआम्ही दोन दिवसांनी विसरलो असतो. केरबाला ती कला नव्हती.

पुढच्या महिन्यात शाळेचं स्नेहसंमेलन आलं. मास्तर स्वतः पडदे सांगायला आले. त्यांनी तोंड उघडायच्या आत केरबाने दोन्ही कानांत बोटं घातली. म्हणाला, कशासाठी ते सांगू नका, कुणाचं नाटक ते तर मुळीच सांगू नका, पडदे उचला आणि जावा. मास्तरांना वाटलं याचा कान दुखतोय.

संमेलनाच्या दिवशी केरबा कानांत कापूस कोंबून आणि डोळ्यांवर बायकोच्या जुन्या लुगड्याची पट्टी बांधून आला. पडदा चाचपून चाचपून बांधला. जंगल उलटं लागलं. झाडं वरून लोंबत होती आणि वाघ पाय वर करून झोपला होता. पंचायत समितीचे सभापती पाहुणे म्हणून आले, पडद्यामागे जाऊन माईकपुढे उभे राहिले. मास्तरांनी शिट्टी मारली. पडदा हलला नाही. परत मारली. केरबा कापूस घालून समाधानात बसला होता.

सभापतींना वाटलं पडदा उघडला. त्यांचा चष्मा तसाच होता. त्यांनी जंगलाच्या पाठीकडे बघून शिक्षणाचं महत्त्व सांगितलं. पुढे बसलेल्या पोरांना उलटा वाघ बोलताना ऐकू आला. पोरांनी इतक्या टाळ्या पिटल्या, की तेवढ्या सभापतींना निवडून आल्यावरही मिळाल्या नव्हत्या. पण खरी गोष्ट कळल्यावर ते जेवायला थांबले नाहीत.

मास्तरांनी केरबाच्या कानातला कापूस उपसला. म्हणाले, "अरे टोणग्या, मुद्दाम डोळे झाकून कुणी सुटत नाही. झाकणारा म्हणजे माहीत असणाराच. उलट विचारायचं! कुणालाही कसलीही वस्तू देण्याआधी विचारायचं, हे कुणी रचलंय? त्याची परवानगी आहे का? नसली, तर वस्तू काढून घ्यायची."

"असं व्हय. ध्यानात ठेवतो."

तो घरी गेला तर रंगू, म्हणजे त्याची बायको, पोराला पाळण्यात घालून अंगाई म्हणत होती. पाळण्याला दोरी पडद्याची होती. केरबाने दिलेली. तो दारातच थबकला.

"हे गाणं तू रचलंस?"

"मी कशाला रचू? आई म्हणायची."

"आईची परवानगी हाय?"

रंगूने त्याच्याकडे बघितलं. केरबाने पोर उचलून तिच्या मांडीवर ठेवलं आणि पाळण्याची दोरी सोडून घेतली. रंगू उठली. ट्रंकेत दोन लुगडी भरली, पोराला काखेला मारलं, आणि आईलाच विचारून येते म्हणून माहेरी गेली. वेशीपर्यंत पोचवायला केरबा गेला होता. म्हणाला, घाई करू नको, पण परवानगी घेतल्याबिगर येऊ नको.

मग आलं रामोजी पाटलाच्या मुलीचं लग्न. पाटलाचा हट्ट, की लेकीच्या मागे राजवाडा पाहिजे. केरबाने राजवाडा बांधला. ऐन वेळी अंतरपाट सापडेना. वऱ्हाडाची पळापळ बघून केरबाने आपल्याकडचं एक कोरं कापड काढून दिलं. दोन भटजींनी ते नवरानवरीच्या मधे धरलं, लोकांनी मुठीत अक्षता घेतल्या, आणि थोरल्या भटजींनी मंगलाष्टक सुरू केलं.

केरबा मांडवाच्या खांबाला टेकून ऐकत होता. पहिलं कडवं झालं आणि त्याच्या डोक्यात उजेड पडला. पुढे होऊन त्याने भटजींच्या खांद्यावर टकटक केलं.

"काका, हे तुम्ही रचलं?"

भटजींनी मान हलवून नाही म्हटलं आणि दुसरं कडवं धरलं.

"मग ज्याने रचलं त्याची परवानगी हाय?"

भटजींनी चिडून मान हलवून नाही म्हटलं.

केरबाने अंतरपाट काढून घेतला, घडी घातली आणि काखेत मारला.

मुहूर्ताला अजून बराच अवकाश होता. नवरीने नवऱ्याला पहिल्यांदाच एवढ्या उजेडात आणि एवढ्या जवळून बघितलं. ती म्हणाली, फोटोत हा नव्हता. फोटो नवऱ्याच्या धाकट्या भावाचा होता, हे तेव्हा सगळ्यांना कळलं. मांडवात जे व्हायचं ते झालं. अक्षता ज्या दिशेने जायच्या त्या दिशेने गेल्या नाहीत. शेवटी लग्न लागलं, पण धाकट्याशी, आणि थोरला अजून केरबाच्या घरावरून जाताना थुंकतो.

रामोजी पाटलाला खरं म्हणजे धाकटा जावईच पसंत होता, म्हणून त्याने केरबाला दोनच थोबाडीत दिल्या. म्हणाला, "अरे खुळ्या, मंगलाष्टकाला कसली परवानगी? रचणारा कवाच मरून गेला. मेलेल्याचं जुनंपानं सगळ्यांचं असतं. घ्यावं नि म्हणावं."

"रचणारा मेला की परवानगी न्हाई लागत?"

"न्हाई."

"असं व्हय. ध्यानात ठेवतो."

वर्ष फिरलं. डोणेवाडीची जत्रा आली. तिथला म्होरक्या सर्जा पडदे सांगायला आला. केरबा आता पक्का झाला होता. त्याने सर्जाला उभं करून विचारलं, नाटक कुठलं. सर्जा म्हणाला, ‘मामानं बुजवली भाच्याची विहीर’. केरबाने विचारलं, त्यात ऊस हाय का. सर्जा जरा चाचरला, म्हणाला, थोडा हाय.

"मग ते जगदाळे मास्तरांचं."

सर्जाचा चेहरा उतरला. पण केरबाने पुढचा प्रश्न टाकला.

"मास्तर मेलेत का?"

सर्जा डोणेवाडीचा होता. त्याने टोपी काढली, खाली बघितलं आणि म्हणाला, व्हय, आजच पहाटे.

केरबाने चारही पडदे काढून दिले. रचणारा मेला, परवानगीचा प्रश्न मिटला. मग त्याला वाईट वाटायला लागलं. काही झालं तरी मास्तरांनी त्याला पडदे सोडून दिले होते. तो डोक्याला पंचा गुंडाळून समाचाराला निघाला. मास्तर इस्त्रीचा सदरा घालून ओट्यावरच बसले होते. केरबा त्यांच्या शेजारी टेकला आणि त्याने गळा काढला.

"काय झालं रे?"

"मास्तर गेले."

"कुठले मास्तर?"

"आपले जगदाळे."

"अरे मी इथे बसलोय."

"तुम्ही मनाला लावून घेऊ नका," केरबा म्हणाला आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवायला लागला. "कवातरी सगळ्यांनाच जायचं असतं. किती वाजता गेले?"

आतून मास्तरीणबाई आल्या. केरबा त्यांच्याकडे बघून अजून मोठ्याने रडला, की कुंकू अजून पुसलं न्हाई. त्यांनी हातातलं लाटणं जिथे बसायचं तिथे बसवलं. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. सर्जा, ऊस, भाच्याची विहीर आणि चार पडदे.

मास्तर लालबुंद झाले. ताडकन उठले आणि शिकवायला लागले. त्यांना राग आला की ते शिकवायचे.

"आता नीट ऐक. साथीदार कसा ओळखायचा ते. ज्याच्यामुळे चोराला चोरी करता आली, त्याने सामान पुरवलं. एक. चोरी चाललीय हे त्याला माहीत आहे. दोन. थांबवणं त्याच्या हातात आहे आणि तरी तो थांबवत नाही. तीन. आणि वर त्या चोरीतून त्याला काहीतरी सुख मिळतं. चार. या चारही खुणा ज्याला लागू पडतील तो पक्का साथीदार. डोणेवाडीत असा कुणीतरी मोठा माणूस आहे, त्याशिवाय ही पोरं इतकी माजणार नाहीत. तू आज विंगेत बस आणि त्याला हुडकून काढ. मी फौजदाराला घेऊन येतो. शिट्टी वाजवली, की त्या माणसाला जागच्या जागी बांधून फौजदारापुढे टाक. हे केलंस तर तुझे पडदे वाचले. चुकलास तर पडदे कायमचे गेले."

केरबाने चार बोटं पुढे धरली आणि एकेक दुमडत सगळं म्हणून दाखवलं. मास्तर खूश झाले. इतकी वर्षं शिकवून पहिल्यांदाच कुणीतरी सगळं पाठ केलं होतं.

दिवेलागणीला डोणेवाडीत नाटक सुरू झालं. मास्तर फौजदाराला घेऊन आले आणि पहिल्या रांगेत बसले. फौजदाराने आपली शिट्टी मास्तरांच्या हातात दिली. नाटक तुमचं, कुठे चोरी झाली ते तुम्हालाच कळणार, तुम्ही वाजवा, मी पकडतो, असं म्हणून तो शेंगा सोलायला लागला.

केरबा विंगेत राजवाड्याची दोरी धरून बसला होता. तो एकेकाला बोटांवर घासून बघत होता. मांडववाल्याने सामान पुरवलं होतं, पण त्याला माहीत काहीच नव्हतं. सरपंचाला माहीत होतं, पण तो झोपला होता, सुख नाटकाचं नव्हतं. केरबाने स्वतःलाही घासून बघितलं. पडदे पुरवले, माहीत आहे, पण सुख नाही, पडदे जायची नुसती धास्ती. चौथं बोट काही केल्या दुमडेना.

पहिला अंक झाला. मास्तरांनी शिट्टी तोंडाजवळ नेली आणि खाली घेतली. सर्जा भाचा झाला होता, आणि लबाड असला तरी काम झकास करत होता. विहीर बुजवायचा प्रसंग आला आणि त्याने टाहो फोडला, की दादा, माझा ऊस का कापलास. अख्खी जत्रा मुसमुसायला लागली. पुढे एक म्हातारी पदर तोंडात कोंबून म्हणाली, कुणी लिवलंय गं बया, त्याचं भलं होवो.

मास्तर खुर्चीत पुढे सरकले. त्यांचे ओठ हलत होते. पोरांच्या एक शब्द आधी ते स्वतःच वाक्य म्हणत होते.

"मास्तर, वाजवा की," फौजदार म्हणाला.

"थांबा हो," मास्तर डोळे पुसत म्हणाले. "एवढा प्रसंग होऊ द्या. पुढचं वाक्य फार चांगलं आहे."

विंगेत केरबाने ते ऐकलं. त्याने हळूच चार बोटं उभी केली आणि मास्तरांकडे बघितलं. बघितलं आणि एक बोट दुमडलं. दुसरं दुमडलं. तिसरं दुमडलं. मास्तरांच्या गालावरून पाणी आणि तोंडावर हसू बघून चौथंही आपोआप दुमडलं. मूठ तयार झाली.

नाटक संपत आलं तेव्हा मास्तरांना कशासाठी आलो ते आठवलं. ते स्टेजवर चढले, मधोमध उभे राहिले आणि छाती फुगवून शिट्टी मारली.

शिट्टी वाजली की पडदा पाड. राजवाडा मास्तरांच्या डोक्यावर पडला. सगळी पोरं उसात गेली. केरबाने झेप घेतली, मास्तरांना बांबूसकट पडद्यात गुंडाळलं, वरून काथ्या आवळला, आणि घाम पुसत हाक मारली.

"सायेब, या. गावला."

फौजदार शेंगा खिशात घालून वर आला. गुंडाळीच्या एका टोकाला धोतराचे पाय दिसत होते, दुसऱ्या टोकाला शिट्टी आणि मिशी.

"हे कोण?"

"पक्का साथीदार. चोरी चाललेली म्हाईत होतं, तुम्ही शेजारी असून थांबवू दिली न्हाई, आणि सुखाने रडत होता."

"अरे, हा नाटकाचा लेखक आहे."

"तेच म्हणतोय, सायेब. मी नुसता पडदा दिला. नाटकच ह्याने पुरवलं. ह्याने लिवलंच नसतं, तर पोरांनी चोरलं काय असतं?"

फौजदाराने टोपी काढून डोकं खाजवलं. त्याला यात काहीतरी चूक दिसत होती, पण कुठे ते सापडेना. प्रेक्षकांना वाटलं हा तिसरा अंक. ते सरसावून बसले.

गुंडाळीतून मास्तर काहीतरी ओरडले. तोंडात शिट्टी होती. ती वाजली.

परत वाजली की उचल. केरबाने सवयीने दोरी ओढली. राजवाडा, दोन मोर आणि मास्तर असे सगळे मिळून आढ्याला लागले. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. म्हातारी म्हणाली, शेवट तर लईच चांगला लिवलाय. आढ्याला मास्तरांनी बोंब मारायला तोंड उघडलं आणि शिट्टी खाली पडून स्टेजच्या फटीत गेली.

फौजदार म्हणाला, खाली घे त्यांना. केरबा म्हणाला, शिट्टी वाजवा, लगेच घेतो. बापाचा शब्द होता, तिथे फौजदाराचं काही चाललं नाही.

मास्तरांनी वरूनच सांगितलं, की तक्रार मागे घेतली, पडदे नकोत, यातला एकही पडदा मला जन्मात दाखवू नका. उसातून सर्जाने मान बाहेर काढून विचारलं, आणि नाटकाची परवानगी, मास्तर?

मास्तरांनी गुंडाळीतून मान ताठ केली. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी परवानगी मागितली होती. सदरा इस्त्रीचाच होता, पण आत चुरगळला होता.

"दिली," मास्तर म्हणाले. "पण नाव बदलायचं नाही."

एवढ्यात मुक्कामाची एसटी आली. जत्रेमुळे मैदानात जागा नव्हती, गाडी मागे घ्यावी लागणार होती. कंडक्टर खाली उतरला आणि त्याने शिट्टी तोंडात धरली. केरबाने दोरी सावरून घेतली.

एक एसटी मागे घ्यायला कंडक्टरला किती शिट्ट्या माराव्या लागतात, हे मास्तरांना विचारा. एका शिट्टीला ते खाली आलेत आणि पुढच्या शिट्टीला वर गेलेत, गाडी लागेपर्यंत.